काचेचं दुसरं टोक

प्रयोगशाळेत त्यांना नावाने कुणीच हाक मारत नसे. सगळ्यांच्या तोंडी त्या सुरीताई. सत्तावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्यांच्याकडे यायचा. त्या तो यंत्रावर चढवायच्या आणि सुरीच्या पात्यावर त्याचे काप काढायच्या, इतके पातळ की त्यांच्यापुढे कांद्याचा पापुद्रा गोधडीसारखा जाड वाटावा. काप कोमट पाण्यावर सोडायचा, दुधावर साय पसरावी तसा तो पसरला की खालून काच घालून अलगद उचलायचा. पुढे ती काच रंगात बुडते, वाळते आणि डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली जाते. ऐकायला सोपं आहे. करायला बसलं की पहिले सहा महिने नुसता चुरा निघतो आणि भलीभली माणसं रडकुंडीला येतात.

अशी रडकुंडीला आलेली पंधरा-वीस जणं सुरीताईंच्या हाताखाली तयार झाली होती. डॉक्टरकीचं शिक्षण घेताना सहा महिने त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसलेली एक मुलगी तर आता त्याच प्रयोगशाळेची प्रमुख होती. सगळे तिला मॅडम म्हणत. सुरीताईही म्हणत, पण म्हणताना त्यांच्या सुरात थोडं कौतुक आणि थोडी मालकी असायची.

अभिमान त्यांना होताच, आणि तो झाकून ठेवायची त्यांना गरज वाटत नसे. नाकावर माशी बसू द्यायची नाही असा खाक्या. मॅडम फळ्यावर सूचना लावायच्या. बाकीचे वाचून सही करायचे, सुरीताई न वाचता सही करायच्या. त्यांचं म्हणणं, सूचना नवख्यांसाठी असतात. तो कागद मला काय शिकवणार? शेजारच्या यंत्रावर बसणारा सहकारी, ज्याला त्यांनीच चष्मेवाला हे नाव चिकटवलं होतं, तेरा वर्षं त्यांचे टोमणे खात होता. एखाद्या दिवशी टोमणा आला नाही तर तोच विचारी, "काय सुरीताई, बरं नाही का?"

शिकायला येणाऱ्या प्रत्येकाकडून त्या पहिल्या दिवशी एक वाक्य पाठ करून घ्यायच्या: आधी कंट्रोल, मग पेशंट. विशेष रंग देऊन तपासायच्या काचेवर दोन तुकडे असतात. एक पेशंटचा. दुसरा आपल्या ठेवणीतला, ज्यात रंग यायलाच हवा हे आधीपासून माहीत असतं. तो कंट्रोल. तिथे रंग आला म्हणजे रंगाचं काम नीट झालं, मगच पेशंटच्या तुकड्याकडे बघायचं. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं कंट्रोल म्हणून टॉन्सिलचा तुकडा असायचा आणि तो काचेच्या लेबलाकडच्या टोकाला बसायचा. पेशंट दुसऱ्या टोकाला. हे इतकं अंगवळणी पडलेलं की त्यावर विचार करायची वेळच येत नसे.

आता घर. घरात मुलगा आणि सून. सून एका कार्यालयात इमारतींचे नकाशे काढायची. अबोल, कामात चोख, पेन्सिलीला टोक असं काढायची की बघत राहावं. लग्न झालं तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती, आणि परवान्याची परीक्षा पास झाल्याशिवाय मूल नको असं तिने पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. परीक्षेला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत सुरीताई तोंडाने काही बोलल्या नाहीत, पण न बोलण्याचेही प्रकार असतात. शेजारच्या घरातलं तान्हं बाळ त्या जरा जास्तच वेळ मांडीवर घेऊन बसायच्या. सुनेने मान खाली घालून नकाशा गुंडाळला की त्यांना समाधान वाटायचं.

मग मूल हवं झालं आणि राहीना. दवाखाने झाले, इंजेक्शनं झाली. बाहेर तयार केलेल्या तीन गर्भांपैकी दोन आत सोडले, ते रुजले नाहीत. तिसरा, शेवटचा, दवाखान्यात गोठवून ठेवलेला होता. तो सोडण्याआधी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासून घेऊ, असं तिथल्या डॉक्टरांनी सुचवलं, आणि त्यातलाच एक भाग एका संशोधनाला द्याल का असंही विचारलं. सून हो म्हणाली. ते संशोधन सुरीताईंच्याच प्रयोगशाळेत चाललं होतं, हे तिला बहुधा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर ती हो म्हणाली नसती.

संशोधन सुरू झालं तेव्हा मॅडमनी सगळ्यांना बसवून समजावलं होतं. "हे अस्तर दर महिन्याला नव्याने तयार होतं, हे तुम्हाला माहीतच आहे. पण त्यातल्या काही पेशी म्हाताऱ्या होतात. म्हणजे मरत नाहीत, फक्त वाढायचं थांबतात. आणि गप्पही बसत नाहीत, आजूबाजूच्या पेशींना सारखे निरोप पाठवत राहतात. थोड्या असल्या तर त्या कामाच्याच. गर्भ रुजायच्या वेळी अस्तर तयार व्हायला त्यांची मदत होते आणि काम झालं की शरीर त्यांना उचलून नेतं. पण उचलल्या गेल्या नाहीत, साचत गेल्या, तर अस्तर गर्भाला नीट धरत नसावं असा अंदाज आहे. बाईचं वय आणि तिच्या अस्तराचं वय एकच असेल असंही नाही. म्हणून आपण बघतोय. या रंगात अशा पेशी तपकिरी दिसतील."

"म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यांसारखंच की मॅडम," सुरीताई म्हणाल्या होत्या, "स्वतःच्यानं काही होत नाही, आणि दुसऱ्यांना सांगणं थांबत नाही."

सगळे खो खो हसले होते. सुरीताई स्वतः सगळ्यात जास्त.

तर एका गुरुवारी नव्या नमुन्यांचे अर्ज आले. त्यांवर नाव नसतं, फक्त क्रमांक, वय, तुकडा काढल्याची तारीख आणि पेशंटने भरून दिलेल्या चार-पाच रकान्यांतली माहिती. सुरीताई अर्ज चाळत होत्या आणि एका अर्जावर त्यांचा हात थांबला. वय चौतीस. तारीख तीच, ज्या दिवशी सून अर्धी रजा घेऊन आली होती आणि पोटाशी उशी धरून पडली होती. आणि सातचा आकडा. सून सातच्या पोटातून एक आडवी रेघ मारायची, नकाशावर एक आणि सात यांत गल्लत होऊ नये म्हणून. अर्जावर तीन सात होते आणि तिन्हींच्या पोटात रेघ होती.

आपल्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नाही, हा प्रयोगशाळेचा नियम. सुरीताईंनी तो पाळला. ठोकळा उचलून चष्मेवाल्याच्या पुढ्यात ठेवला आणि "हा तुम्ही कापा, माझं पातं आज नीट चालत नाहीय" असं म्हणाल्या. चष्मेवाल्याने वर पाहिलं. सुरीताईंचं पातं चालत नाही हे तो तेरा वर्षांत पहिल्यांदा ऐकत होता. मग त्याने ठोकळा यंत्रावर चढवला. त्या दिवशी घरी जाताना सुरीताईंना आपल्याच सचोटीचं फार बरं वाटत होतं.

ती सचोटी चोवीस तास टिकली. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी होती, रंगून आलेल्या काचा पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये वाळत ठेवलेल्या होत्या आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा चालूच होता. सुरीताईंनी क्रमांक शोधला, काच उचलली आणि खाली सरकवली. हात सवयीने चालला. लेबलापासून लांबचं टोक भिंगाखाली आलं. गर्भाशयाचं अस्तर. आणि त्यात तपकिरी ठिपके, एक-दोन नाहीत, नजर जाईल तिथे. बाहेर पावलं वाजली तशी त्यांनी काच काढून ट्रेमध्ये ठेवली आणि हात धुवायला गेल्या. सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा झालं नसेल.

हात धुताना त्यांना काय वाटलं ते इथे सांगायलाच हवं, कारण पुढे त्यांना स्वतःलाही ते कधी विसरता आलं नाही. त्यांना आनंद झाला. आधी आनंद झाला, वाईट नंतर वाटलं. 'मी म्हणत होते,' असं त्यांच्या मनात आलं, अगदी याच शब्दांत. थांबू या, थांबू या करत बसलात, आता भोगा. मग मुलाचा चेहरा आठवला आणि वाईट वाटलं, पण तोवर तो आनंद येऊन गेला होता.

त्यांना स्वतःलाही हे सगळं ऐकावं लागलं होतं. मुलगा झाला तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या, त्यानंतर मूल म्हणून राहिलं नाही. सहा वर्षं वाट पाहिली. सासूबाई पाहुण्यांसमोर हसत हसत म्हणायच्या, "एकावरच दुकान बंद झालं हिचं." सुरीताई आत जाऊन भांडी आपटायच्या आणि मनाशी ठरवायच्या की आपल्याला सून आली तर जीभ आवरायची. ठरवणं सोपं असतं.

शनिवारी सून बाजारात गेली असताना त्यांनी मुलाला समोर बसवलं.

"एक सांगते, मनाला लावून घेऊ नकोस. तो तिसरा प्रयत्न करण्यात अर्थ नाही."

"का? कोण म्हणालं?"

"कुणी म्हणायला कशाला हवंय? सत्तावीस वर्षं हेच करतेय मी. तिचा तुकडा आमच्याकडे आलाय. अस्तर म्हातारं झालंय तिचं. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

मुलगा बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिला. "आई, नक्की?"

"तू मला विचारतोस नक्की म्हणून?"

हे वाक्य पुढे कितीतरी दिवस त्यांच्या कानात वाजत राहणार होतं.

मुलाच्या पोटात काही राहत नाही. रविवारी सकाळी सुनेच्या खोलीचं दार बंद होतं, आणि जेवायला ती बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. तिने सासूकडे पाहिलं नाही. भात वाढून घेतला, दोन घास खाल्ले, ताट उचललं. संध्याकाळी मुलाने सांगितलं, "ती नाही म्हणतेय. उरलेला सोडायचाच नाही म्हणतेय. मंगळवारी दुपारपर्यंत दवाखान्याला कळवायचंय, नाहीतर ते तारीख दुसऱ्याला देतात. परत नंबर कधी लागेल ठाऊक नाही. पण लागून तरी काय, ती म्हणते, म्हाताऱ्या घरात कोण राहायला येणार."

म्हातारं घर. सुरीताईंना ते ऐकून बरं वाटलं नाही, पण चूक केली असंही वाटलं नाही. खरं ते सांगितलं, असं त्या स्वतःला बजावत राहिल्या. खरं कधीतरी कुणीतरी सांगायलाच हवं.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला चष्मेवाला एक ठोकळा आणि नव्या काचांचा डबा घेऊन त्यांच्या टेबलाशी आला. "सुरीताई, संशोधनाच्या कंट्रोलच्या काचा संपत आल्यात. पन्नासेक काढून ठेवाल का? एरवी मीच काढतो, पण माझ्याकडे आज ढीग आहे."

सुरीताईंनी ठोकळा हातात घेतला आणि कपाळाला आठ्या पडल्या. "हे टॉन्सिल कुठाय? हे तर गर्भाशय आहे."

"टॉन्सिल नाहीच आता. या कामाला मॅडमनी कंट्रोलही गर्भाशयाच्या अस्तराचाच घेतलाय, मोठ्या वयाच्या बाईचा, भरपूर तपकिरी येणारा. आणि लेबलाकडे नाही बसवायचा, लांबच्या टोकाला. लेबलाखाली रंग नीट पोचत नव्हता म्हणून." त्याने फळ्याकडे बोट केलं. "तीन आठवडे झाले की सूचना लावून. तुमची सही आहे खाली."

होती. त्यांचीच सही, ऐटबाज, शेपटी काढलेली.

सुरीताई ठोकळा हातात घेऊन स्टुलावर बसल्या. लांबच्या टोकाला कंट्रोल. म्हणजे शुक्रवारी त्यांनी पाहिला तो पेशंटचा तुकडा नव्हताच. आणि आता शांतपणे आठवल्यावर एक-एक गोष्ट समोर येऊ लागली. सुनेचा तुकडा नळीने ओढून काढलेला, म्हणजे बारीक बारीक चिंध्या असायला हव्या होत्या. त्यांनी पाहिली ती सलग पट्टी होती, आणि पट्टीच्या तळाशी स्नायूचा जाड थर होता. नळीने काढलेल्या तुकड्यात इतका स्नायू येत नाही. पहिल्या महिन्यातलं शिकाऊ पोरसुद्धा ओळखेल. त्यांनी ओळखलं नाही, कारण ओळखायचंच नव्हतं. जे बघायला गेल्या होत्या ते दिसलं आणि त्या समाधानाने हात धुवायला गेल्या.

हातातल्या ठोकळ्यावर क्रमांक होता. त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला. नंतर चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

सहा वर्षांपूर्वी, एक्कावन्नाव्या वर्षी, गाठी झाल्या म्हणून सुरीताईंचं गर्भाशय काढलं होतं. तपासणी इथेच झाली होती. अहवाल यायला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत तो क्रमांक त्यांना जो पाठ झाला तो कायमचा. अहवाल चांगला आला तेव्हा, उरलेला ठोकळा कामी आला तर वापरा, अशा कागदावर त्यांनी हसत सही केली होती. "चला, एवढी वर्षं दुसऱ्यांचं कापलं, आता माझंही येऊ दे कामाला," असंही म्हणाल्या होत्या.

हा तोच ठोकळा होता. ते तपकिरी ठिपके त्यांचेच होते.

कुणी रागावलं असतं, ओरडलं असतं तर सोपं गेलं असतं. खोलीत यंत्रं चालू होती, चष्मेवाला गुणगुणत होता, पाण्याच्या भांड्यातून वाफ निघत होती. सुरीताई आपलंच गर्भाशय हातात धरून बसल्या होत्या आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तिथे बसल्या बसल्या त्यांना एक पळवाटही सुचली, तेही सांगून टाकू. घरी फोन करायचा आणि म्हणायचं, पूर्ण अहवाल आला, चांगला आहे, परवाचं विसरा. चूक कुणाची, तुकडा कुणाचा, काही बोलायचं नाही. नोकरीची तीन वर्षं उरलीयत, ती इज्जतीत जातील. त्यांनी फोन बाहेर काढलासुद्धा. पण सुनेचा अहवाल चांगला आहे हे तरी त्यांना कुठे ठाऊक होतं? पेशंटचा तुकडा त्यांनी पाहिलाच नव्हता. एका न पाहिलेल्या गोष्टीवर त्या दुसऱ्यांदा बोलायला निघाल्या होत्या. फोन त्यांनी खिशात टाकला आणि मॅडमच्या खोलीचं दार वाजवलं.

उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सातचा आकडा, जेवणाची सुट्टी, मुलगा, मंगळवारची मुदत, ठोकळा. सांगताना नजर टेबलावरच्या पेपरवेटवरून हलली नाही.

मॅडमनी हातातलं पेन बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "सुरीताई, आधी कंट्रोल बघायचं हे मला तुम्ही शिकवलंत."

"हो."

"आणि कंट्रोल सोडा. तो तुकडा खरंच सुनेचा असता, असाच तपकिरी असता, तरी तिला मूल होणार नाही असं मी म्हटलं नसतं. मला अजून ते माहीत नाही. म्हणून तर दोनशे बायकांचे नमुने गोळा करतोय आपण. जे मला माहीत नाही ते तुम्ही घरी जाऊन सांगितलंत."

सुरीताईंनी मान हलवली.

"या कामातून तुम्हाला बाजूला करावं लागेल, आणि पत्र द्यावं लागेल. मला वाईट वाटतंय. आता घरी जा. मंगळवार उद्या आहे ना?"

भर दुपारी त्या घरी पोचल्या. सून घरातच होती, रजा टाकून. खिडकीशी मोठा कागद पसरला होता आणि ती जुनी रेघ खोडत होती. मुलगा कामावर गेला होता. सुरीताईंनी पर्स खाली ठेवली, चपला काढल्या, पाणी प्यायल्या, आणि वेळ काढण्यासारखं आणखी काही उरलं नाही तेव्हा तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"मला तुझ्याशी बोलायचंय."

"बोला, आई." खोडरबर थांबलं नाही.

"मी तुझी काच चोरून पाहिली. ते करायला नको होतं. आणि जे पाहिलं ते तुझं नव्हतंच."

खोडरबर थांबलं. सुरीताईंनी दोन टोकांचं सांगितलं, न वाचलेल्या सूचनेचं सांगितलं. शेवटचं राहिलं होतं ते जिभेवर येईना. मग एका दमात बोलून टाकलं. "तो तुकडा माझा होता. माझं काढलं होतं ना सहा वर्षांपूर्वी, ते. ते म्हातारं दिसलं ते माझं. तू उद्या दवाखान्याला हो म्हणून कळव. तुझ्यात काही दोष नाही. म्हणजे मी पाहिलेलं नाही, मी आता काही म्हणतच नाही, पण ते तुझं नव्हतं. माझं चुकलं गं. मला लाज वाटतेय."

त्यांना वाटलं होतं ती रडेल, किंवा उठून जाईल, किंवा सुटल्यासारखा श्वास टाकेल. सुनेने खोडरबराचा चुरा हाताने गोळा केला, तळहातावर घेतला आणि मग विचारलं.

"आणि ते माझं असतं तर?"

सुरीताईंना प्रश्न कळला नाही.

"ते खरंच माझं असतं, आई, तर तुम्ही आज आला असतात का माझ्यासमोर? लाज वाटली असती का तुम्हाला? की शनिवारी जे बोललात ते बरोबरच ठरलं असतं?"

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवत होतं. एक उत्तर खरं होतं आणि ते सुरीताईंना देववेना. नाही, आल्या नसत्या. तुकडा तिचा असता तर त्या अजूनही मनातल्या मनात 'मी म्हणत होते' असंच म्हणत असत्या, आणि वर दया दाखवत असत्या.

"उद्या काय कळवायचं ते मी ठरवेन," सून म्हणाली. "डॉक्टरांशी मी बोलेन. तुम्हाला यातलं काही विचारायचं असेल तर मला विचारा. त्याला नाही. आणि काचेला तर नाहीच."

मंगळवारी तिने काय कळवलं ते सुरीताईंना कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. त्या आठवड्यात एका सकाळी मुलगा आणि सून लवकर बाहेर पडले आणि दुपारी परत आले. सून दोन दिवस पायऱ्या सावकाश चढत होती. तेवढ्यावरून सुरीताईंनी जे समजायचं ते समजून घेतलं आणि तोंड बंद ठेवलं.

पुढचे पंधरा दिवस. प्रयोगशाळेत पत्र मिळालं, ते त्यांनी या वेळी अक्षर न् अक्षर वाचलं, मग सही केली. चष्मेवाल्याने सगळं ऐकलेलं असणारच. सुरीताईंचे टोमणे थांबले होते. एकदा त्याने विचारलं, "सुरीताई, बरं नाही का?" त्यांना हसता आलं नाही.

पंधराव्या दिवशी रक्ताची तपासणी असते, मूल राहिलं की नाही ते कळायला. दवाखान्याची रक्तं कुठे येतात हे सुरीताईंना माहीत होतं. त्यांच्या खोलीपासून दोन दारं सोडून. अहवाल दुपारी तीनला छापून निघतात आणि दाराजवळच्या उघड्या ट्रेमध्ये पडतात. कुणीही येता-जाता चाळावेत. त्या दिवशी तीन वाजता सुरीताईंना पाणी प्यायला त्याच दारावरून जायचं होतं. त्या तहानलेल्या बसून राहिल्या. सुटल्यावर मागच्या जिन्याने उतरल्या आणि बसथांब्यापर्यंत एक लांबचा वळसा घालून गेल्या.

सून त्यांच्या आधी घरी आली होती. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, हातात रिकामा पेला. मुलगा अजून यायचा होता.

"तुम्हाला कळलंच असेल," ती म्हणाली.

"नाही."

"पाहिलं नाहीत?"

"नाही. त्या बाजूला गेलेच नाही."

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला नव्हता, ते स्पष्ट दिसत होतं, आणि तो का बसावा असं सुरीताईंनाही सांगता आलं नसतं. त्या खरं बोलल्या होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचं कौतुक कुणी करणार नव्हतं.

"नाही राहिलं," सून म्हणाली. मग पेला खाली ठेवून म्हणाली, "आणि डॉक्टर म्हणाले, अस्तर चांगलं होतं माझं. तुमच्या मॅडमनीच पाहिलं. काहीसुद्धा वावगं नव्हतं. तरी नाही राहिलं."

सुरीताईंचा हात तिच्या खांद्याकडे निघाला. आणि हात पोचायच्या आत, डोक्यात कुठूनतरी, न बोलावता, तो प्रश्न उभा राहिला: मग चुकलं कुणाचं? अस्तर चांगलं, मग गर्भात खोट असेल, मग गर्भ कुणाचा, मग... सत्तावीस वर्षांची सवय होती, पातं आपोआप पुढे सरकत होतं, कापायला काहीतरी शोधत होतं. या मुलीचे डोळे भरले होते आणि सुरीताई मनातल्या मनात दोषी शोधत होत्या.

त्यांनी हात मागे घेतला नाही. तो तिच्या खांद्यावर ठेवला, पण मान वर करून तिच्याकडे पाहणं त्यांना जमलं नाही. सून बाजूला झाली नाही आणि जवळही आली नाही.

"काही म्हणायचंय तुम्हाला?" तिने विचारलं.

"नाही," सुरीताई म्हणाल्या, आणि तिने ठेवलेला पेला घेऊन धुवायला लागल्या.